कोल्हापुरात इलेक्ट्रिक कार घ्यायची तर आधी पार्किंग आणि गच्ची बघा

तुमचा प्रश्न असा: राजारामपुरीत फ्लॅट आहे, पेट्रोल गाडी सहा वर्षांची झाली, रोज गोकुळ शिरगावला जाणं-येणं. इलेक्ट्रिक घेतली तर पर्यावरणाचा खरंच फायदा होतो, की इथला धूर उचलून कोळशाच्या वीज केंद्रावर नेऊन ठेवायचा? आणि अडचणी काय?

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. आमचं बरंचसं काम इंजिनाच्या कास्टिंगचं, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की पाय आमच्याच पोटावर. तरी घरी गाडी इलेक्ट्रिकच आहे. भट्टीचं वीजबिल बघून बघून सवय झालीय, म्हणून हिशेब युनिटमध्येच मांडतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शहरात १५ चं ॲव्हरेज धरा, किलोमीटरला दीडशे ग्रॅम झाले. कच्चं तेल काढणं, शुद्ध करणं, टँकरनं पंपावर आणणं हे मिळवलं की १८० च्या घरात. आता वीज. देशातली जवळपास पाऊण वीज कोळशाची, त्यामुळं सगळे स्रोत मिळूनही एका युनिटमागं ७०० ग्रॅमच्या वर जातात. (कोयना शेजारी आहे म्हणून तिची वीज खास आपल्या प्लगात येत नाही, ग्रिड एकच.) माझी गाडी भिंतीतल्या प्लगपासून मोजली तर युनिटला सहाएक किलोमीटर जाते. तारांमधली गळती धरून किलोमीटरला १४० ग्रॅम. वाचले किती, तर चाळीस. जाहिरातीतलं ‘शून्य प्रदूषण’ ते हे.

त्यात बॅटरीचं कर्ज वेगळं. ३० युनिटची बॅटरी तयार होतानाच, खाणीपासून कारखान्यापर्यंत, दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. चाळीस-चाळीस ग्रॅमनं तो फेडायला साठ हजार किलोमीटर लागतात. तुमचं रोजचं वीस-बावीस किलोमीटर, वर्षाला सात-आठ हजार. म्हणजे आठ वर्षं नुसती फेडण्यात. कंपन्या बॅटरीची वॉरंटी बहुतेक तेवढीच देतात.

गच्चीवर सोलर असेल तर हेच गणित पार बदलतं. तीन किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडं दिवसाला सरासरी बारा युनिट देतात, तुमच्या गाडीला चार पुरे. मग कर्ज पंधरा-वीस हजार किलोमीटरमध्ये फिटतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण फ्लॅटवाल्यांची गच्ची सोसायटीची, तिथं घोडं अडतं.

दोन गोष्टी इलेक्ट्रिकच्या बाजूनं सांगायलाच हव्यात. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वाढेल तशी तीच गाडी दरवर्षी थोडी स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडी नुसती जुनी होते. आणि सायलेन्सरच नसल्यानं दसरा चौकात सिग्नलला उभ्या माणसाच्या नाकात तिचा धूर जात नाही. केंद्राच्या हवा कार्यक्रमात प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, त्यामुळं हा फायदा लहान समजू नका. धूळ मात्र तशीच. टायर झिजतातच, गाडी जड असल्यानं थोडे जास्तच.

अडचणींत रेंजचीच, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते याचीच, चर्चा जास्त होते, माझ्या मते खरी अडचण अर्थिंगची. शिवाजी पेठेत सासऱ्यांच्या जुन्या घरात तिसऱ्या पिनला तार होती, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. फ्रिज, मिक्सर त्यावर मुकाट चालत होते. गाडीचा चार्जर मात्र लाल दिवा लावून बसला. वायरमन बोलावून नवा खड्डा, मीठ-कोळसा, तांब्याची पट्टी असं सगळं केलं तेव्हा हिरवा झाला. दुसरं म्हणजे १५ अँपियरचा प्लग. गिझर अर्धा तास चालतो, गाडी त्याच प्लगातून तीन किलोवॅट रात्रभर ओढते. स्क्रू जरा सैल असला की सॉकेट पिवळं पडतं, मग वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र जाड वायर आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) घ्या, महावितरणकडं मंजूर भार, म्हणजे तुमच्या मीटरला किती किलोवॅटची परवानगी आहे ते तपासा.

लांबच्या प्रवासाचं थोडक्यात. पुणे २३० किलोमीटर. तीनशे सांगितलेली गाडी हायवेला दोनशेच्या आसपास जाते, म्हणजे कराड-साताऱ्याच्या दरम्यान तासभर थांबणं आलं. प्रत्येक चार्जरचं ॲप वेगळं, दिवाळीत रांग, आणि फास्ट चार्जरचा दर घरच्या विजेपेक्षा बराच जास्त. गगनबावड्याहून कोकणात उतरण्यात मात्र मजा आहे. सहाशे मीटर चढायला अडीच-तीन युनिट जादा जातात, पण उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त बॅटरीत परत येतं, आणि ब्रेक तापत नाहीत.

राजारामपुरीत पुराचं पाणी येत नाही, पण शाहूपुरी, नागाळा पार्ककडचं कुणी वाचत असेल तर: बॅटरीचं सील चांगलं असलं तरी पुरात बुडून राहण्यासाठी ते नसतं. महापुरात वीज जाते. तेव्हा गच्चीवरचं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलरही आपोआप बंद पडतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अर्थात २०१९ ला महामार्ग बंद पडला तेव्हा पंपांवर पेट्रोलही मिळत नव्हतं.

तुमच्या जागी मी असतो तर सध्याची गाडी धड असेतो तीच चालवली असती. तोवर सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या सोलरचा आणि पार्किंगमधल्या मीटरचा विषय मांडा. दोन्हीची लेखी परवानगी मिळाली की बुकिंग करा. बाकी कुठली गाडी घ्यायची हे नंतर विचारा, सांगतो.