२०१० ची सफारी ११ वरून ९ वर आली आहे, ॲव्हरेज वाढवायला काय करू?

तुम्ही विचारलंय: टाटाची सफारी, २.२ लिटरचं डायकॉर डिझेल इंजिन, १ लाख ४० हजार किलोमीटर, २६५/७० चे रुंद टायर टाकल्यापासून ॲव्हरेज ९ वर आलं, आता डिझेलमध्ये ॲडिटिव्ह टाकू की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिमॅप करून, म्हणजे त्याचं प्रोग्रामिंग बदलून घेऊ?

दोन्ही नको. आधी एवढं सांगा, गाडी अर्धा तास हायवेला पळाल्यावर टेंपरेचरचा काटा कुठे असतो? मधोमध की खाली? हे विचारायला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे माझे दाजी.

माझीही सफारी, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी जुनी. मी कराडचा, पुण्याला महिन्यातून दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या. तेव्हा पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा, येताना मात्र घाट चढावा लागायचा. एका मे महिन्यात भर दुपारी, एसी चालू, मागे सहा पोती सामान, आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर काटा लालमध्ये. बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो, एसी बंद करून साताऱ्यात दाजींच्या दारात आणली. दाजींनी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे दिली. संध्याकाळी गाडी परत, बिल जेमतेम तीनशे रुपये, आणि वर हमी, "आता कितीबी चढवा, तापायची नाय." खरंच तापली नाही. मी खूश. दाजींचे आभारही मानले.

पुढची दोन वर्षं गाडी हळूहळू जास्त पिऊ लागली. हायवेला सव्वाअकरा द्यायची ती दहाच्या आसपास आली. मी म्हटलं वय झालं. दाजी म्हणाले, तुझा पाय जड झाला.

मग जानेवारीत चिपळूणला लग्न होतं. पहाटे चारला निघालो, दाजी पुढे, ताई आणि पोरं मागे. कोयनानगरच्या पुढे धुकं इतकं की काच आतून पांढरी झाली. हीटर लावला तर गार वारा! कराडपासून साठेक किलोमीटर झाले होते आणि हीटरमधून येतोय फ्रीज उघडल्यासारखा गारठा. काटा बघितला तर तळापासून बोटभर वर. कुंभार्ली घाट उतरायला लागलो तसा तोही खाली बसला.

उतारावर दाजींचं दुसरं सुरू झालं. "न्यूट्रल टाक, फुकटचं डिझेल जाळतोयस." मी म्हटलं गिअरमध्येच बरं. ते म्हणाले, "आरपीएम बघ की. न्यूट्रलला आठशे, गिअरमध्ये बावीसशे. जास्त फिरलं म्हणजे जास्त प्यालं." घरचा जावई माणूस, कितीदा नाही म्हणणार? टाकली न्यूट्रल. चौथ्या वळणाला ब्रेकचा वास सुटला, पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, आणि मागून ताई ओरडली ते वेगळंच. परत तिसऱ्यात घेतली आणि शिरगावपर्यंत कोणी एकमेकांशी बोललं नाही.

इथे दाजींचा हिशोबच चुकतो, आणि हा हिशोब करणारे ते एकटे नाहीत. उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला चाकं फिरवतात. ईसीयूला ते कळतं आणि तो इंजेक्टर बंद करतो. बावीसशे आरपीएम, पण डिझेल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर जिवंत राहायचं असतं, म्हणून ते आयडलिंगचं डिझेल पितच राहतं. म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, जास्त जातं, आणि जवळपास दोन टन वजनाची गाडी एकट्या ब्रेकवर येते.

लग्नाहून परत आल्यावर कराडच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं आणि हसायला लागला. आत काहीच नव्हतं. वॉल्व्ह काढून नुसतं पॅकिंग लावून बंद केलेलं. दाजींना फोन केला तर म्हणतात, "हो, मीच सांगितलं होतं काढायला. आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय? ती भानगड परदेशातल्या गाड्यांना."

थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो हो. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. ऐंशीच्या पुढे गेलं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोच काढला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, हायवेच्या वाऱ्यात इंजिन कधी नीट तापतच नाही. ऑइल जाड राहतं, आतलं घर्षण वाढतं, आणि ईसीयूला वाटतं गाडी आत्ताच सुरू केलीय, त्या हिशोबाने तो इंधन सोडतो. मूळ तापण्याचं कारण काय निघालं? रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे गच्च बसले होते. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवायचं काम. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार.

नवा थर्मोस्टॅट हजाराच्या आत आला. कराड-पुणे-कराड, त्याच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल मोजलं. आधी १०.२ होतं, आता ११.३. वर्षाला १५ हजार किलोमीटर धरले तर १४० लिटरच्या वर डिझेल. दोन वर्षं ते कुठे गेलं हे दाजींना विचारलं तर म्हणतात, "योगायोग."

आता तुमचं. काटा खाली राहत असेल तर आधी थर्मोस्टॅट बघून घ्या. टायर २६५ चे टाकलेत ना? मूळचे २३५/७० आर १६ (रुंदी २३५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची; म्हणून रुंद टायर उंचही होतो). त्याचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर, तुमच्याचा ७७७. म्हणजे गाडी १०६ किलोमीटर जाते तेव्हा मीटर १०० दाखवतं. तुमचं ९ हे खरं तर साडेनऊच्या आसपास आहे. उरलेली घट खरी आहे, चाक जड आणि रुंद झालंय, गिअरिंगही लांबलंय (चाक मोठं, म्हणून ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो). पुढचा सेट घेताना मूळ मापावर या. दिसायला भारदस्त वाटतं हे मान्य, पण भारदस्तपणाचं बिल पंपावर येतं.

ॲडिटिव्हने गाडीपेक्षा दुकानदाराचं भलं होतं. रिमॅपने ताकद वाढते, आणि ताकद मिळाली की माणूस ती वापरतो. क्लच जुना असेल तर तोही बसेल. डिझेलच्या पाइपला लावायचे चुंबक कोणी सुचवले तर त्याचा नंबर डिलीट करा.

काटा मधोमध येत असेल तर माझी गोष्ट तुमच्या कामाची नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. मग वीसेक किलोमीटर चालवून चारही रिमांजवळ हात न्या (लावू नका, चटका बसेल). एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्या चाकाचा ब्रेक अडकलाय, गाडी ब्रेक लावूनच पळतेय. पिकअप कमी आणि मागे काळा धूर असेल तर टर्बोचा होज (इंजिनात दाबाने हवा नेणारा रबरी पाइप) चिरलाय का बघा. हवा गार टायरला, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. आणि ८० ऐवजी १०० ने चालवलं की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, एवढ्या चौकोनी गाडीला ते परवडत नाही.

एक कबूल करतो. थर्मोस्टॅट बसवला त्याच आठवड्यात मी टपावरचं कॅरिअरही उतरवलं होतं आणि एअर फिल्टर बदलला होता. त्यामुळे ती १.१ ची वाढ सगळी थर्मोस्टॅटची नाही. हे दाजींना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

त्यांच्या स्वतःच्या गाडीत थर्मोस्टॅट अजूनही नाही. डिसेंबरात कराडला येतात तेव्हा ताई पुढच्या सीटवर शाल पांघरून, पायात मोजे घालून बसलेली असते.