४×५ कॅमेऱ्याची ग्राउंड ग्लास फार अंधारी दिसते, उजळ फोकसिंग स्क्रीन कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ९० मिमी एफ/८ लेन्स लावली की कोपरे काळे पडतात, फोकस कळत नाही, आणि ज्यांना विचारलं ते म्हणाले, "आधी डोळे तपासून घ्या." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. कारण हेच वाक्य मी चारचौघांत ऐकून घेतलं आहे, आणि माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

माझा पहिला ४×५ (४×५ इंची फिल्मच्या शीटवर फोटो काढणारा कॅमेरा) मी एका ज्येष्ठ फोटोग्राफरकडून सेकंड हँड घेतला. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. लँडस्केपमधला त्यांचा हात खरोखर चांगला, त्याबद्दल आजही माझं दुमत नाही. कॅमेरा देताना त्यांनी मागची काच, म्हणजे जिच्यावर प्रतिमा बघून फोकस करतात ती ग्राउंड ग्लास, मुद्दाम दाखवली. "फ्रेनेल मी स्वतः बसवलीय. इतकी उजळ स्क्रीन तुला कुठे बघायला मिळणार नाही." फ्रेनेल म्हणजे गोल गोल बारीक खाचांचं पातळ, सपाट भिंग. उजळ होतीच. डोक्यावर कापड न घेता खोलीतला माणूस कोपऱ्यापर्यंत दिसायचा.

लँडस्केप चांगले आले. मग २१० मिमी लावून मामांचं पोर्ट्रेट काढलं. कमरेपासून वर, खिडकीचा उजेड, लेन्स पूर्ण उघडी, एफ/५.६. लूप, म्हणजे काचेवर टेकवायचं भिंग, लावून पापणीवर फोकस केला. निगेटिव्ह धुऊन लाइट टेबलवर ठेवली, तर कानाच्या पाळीवरचे पांढरे केस एकेक वेगळे दिसत होते आणि पापण्या पुसट. मामा हलले असतील म्हणून त्यांचं डोकं भिंतीला टेकवून पुन्हा काढलं. पुन्हा कानच. माणूस हलत असेल तर फोकस कधी पुढे जाईल, कधी मागे. दरवेळी मागेच जात असेल तर दोष कॅमेऱ्यात आहे.

सरांना निगेटिव्ह दाखवल्या. त्यांनी लूपसुद्धा लावला नाही. "चष्म्याचा नंबर वाढला असेल तुझा. मी इतकी वर्षं याच काचेवर फोकस केलाय, माझं एकही चित्र सॉफ्ट नाही. मोजून बघ हवं तर."

मी मोजलं. फिल्म आणि काचेची खरखरीत बाजू लेन्सपासून एकाच अंतरावर यायला हवी. होल्डरमध्ये, म्हणजे फिल्मची शीट धरणाऱ्या चपट्या डब्यात, वाया गेलेली फिल्म घातली, होल्डरच्या तोंडावर आडवी पोलादी पट्टी ठेवली आणि कॅलिपरच्या मागच्या दांडीने फिल्मपर्यंतची खोली घेतली. ४×५ होल्डरसाठी ही खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी, असायला हवी, कमीजास्त ०.००७ इंच चालते. होल्डर बरोबर होता. मग कॅमेऱ्याचा बॅक (काच बसवलेली मागची चौकट) काढून त्याच पट्टीने तिथली खोली घेतली. तीही ५ मिमी. सरांनी एवढंच मोजलं असणार आणि समाधान मानलं असणार. पण दांडी टेकत होती ती फ्रेनेलवर. चित्र उमटतं ते काचेच्या खरखरीत बाजूवर, आणि ती बाजू फ्रेनेलच्या मागे होती. काच जिथे बसायला हवी त्या टेकूंवर फ्रेनेल बसवलेली आणि काच तिच्या पाठीवर. जागा पुरावी म्हणून क्लिपा वर वाकवलेल्या अजून दिसत होत्या. फ्रेनेलची जाडी १.५ मिमी भरली.

आता हिशोब बघा. लेन्स आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक पत्रा आला की प्रतिमा त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकते, म्हणजे इथे ०.५ मिमी. काच मात्र १.५ मिमी मागे गेलेली. उरला १ मिमीचा फरक. मामांचं चित्र फिल्मवर साधारण एक अष्टमांश आकाराचं होतं. खोलीच्या दिशेने हा फरक आठच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६४ मिमी. पापणीवरून निघून कानाच्या आसपास पोचायला एवढं अंतर पुरतं.

आणि सरांची चित्रं धारदार का? कारण ते एफ/२२ किंवा एफ/३२ च्या, म्हणजे अगदी लहान अपर्चरच्या, अलीकडे येतच नाहीत. १ मिमीच्या फरकाने एफ/२२ ला एका बिंदूचा जो ठिपका पसरतो तो ०.०५ मिमीच्याही आत. ४×५ ला ०.१ मिमीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. एफ/५.६ ला तोच ठिपका ०.१८ मिमीचा होतो. चूक त्यांच्याही प्रत्येक निगेटिव्हमध्ये होती, लहान अपर्चरखाली झाकलेली. आकडे कागदावर मांडून दाखवले तरी त्यांनी मान्य केलं नाही. नव्या मुलांना ते आजही फ्रेनेल पुढून बसवायला सांगतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

मी क्लिपा सरळ केल्या, काच टेकूंवर खरखरीत बाजू लेन्सकडे करून बसवली आणि तीच फ्रेनेल काचेच्या मागे, आपल्या डोळ्यांच्या बाजूला, खाचा काचेकडे करून ठेवली. उजेड जवळजवळ तेवढाच राहिला. पुढच्या निगेटिव्हमध्ये पापण्या मोजता येत होत्या.

तर तुमचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: चांगली बारीक घासलेली साधी काच आणि तिच्या मागे फ्रेनेल. महागड्या उजळ स्क्रीनचा विचार त्यानंतर.

कुठलीही स्क्रीन उजेड निर्माण करत नाही. लेन्समधून आला तेवढाच प्रकाश ती वाटते. कोपऱ्यांतला प्रकाश तिरका येतो आणि तसाच बाहेर, तुमच्या डोळ्यांपासून लांब निघून जातो. फ्रेनेल तो आत वळवते. दीपगृहाच्या दिव्याचा पसरणारा प्रकाश समुद्राकडे वळवण्यासाठी ऑगुस्तँ फ्रेनेलने १८२० च्या दशकात केलं ते हेच. पण ९० मिमीला ४×५ च्या टोकाच्या कोपऱ्यात मुळात पोचतोच मध्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश. नाही ते फ्रेनेल कुठून आणणार? एफ/५.६ ची ९० मिमी काचेवर दुप्पट प्रकाश टाकते, एफ/४.५ ची तिपटीहून थोडा जास्त. स्क्रीनवर मोठी रक्कम घालणार असाल तर त्याआधी लेन्सचा विचार करा. वजन वाढेल, ते आलंच.

उजळ आणि फोकसला सोपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीन जितका प्रकाश सरळ जाऊ देते तितकी उजळ दिसते, आणि तितकाच फोकसचा नेमका क्षण निसटतो. आगेमागे बरंच काही एकसारखं धारदार भासत राहतं. शिवाय अशा स्क्रीनवर डोकं जरा बाजूला गेलं किंवा राइज जास्त दिला (लेन्स बरीच वर सरकवली) की अर्धी चौकट काळी. घासलेल्या काचेचा दाणा थोडा त्रास देतो, पण फोकस आला की आला हे ती सांगते. फ्रेनेलमध्ये तोटा नाही असं नाही. जास्त ताकदीच्या लूपखाली तिच्या खाचा दिसतात. चारपट लूप पुरतो. कोपऱ्यात फोकस बघताना लूप जरा तिरका धरून लेन्सच्या दिशेने रोखा, एकदम उजळेल.

कापडावर मात्र कंजुषी करू नका. आतून दाट काळं, बाहेरून पांढरं, छातीपर्यंत येणारं आणि खालून बंद होणारं हवं. आत शिरल्यावर लगेच नॉब फिरवू नका. चार-पाच मिनिटं नुसते थांबा. एवढं केलं की अर्ध्या लोकांची नवी स्क्रीन घ्यायची इच्छाच राहत नाही.

डोळ्यांबद्दल एवढंच: चाळिशीनंतर वाचायचा चष्मा घालूनच कापडात जा, आणि लूपचा फोकस आधी काचेच्या खरखरीत बाजूवर नीट जुळवून घ्या. इतकं केल्यावरही काचेवर पापणी आणि फिल्मवर कान येत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ नका, कॅलिपर काढा. कॅलिपर नसेल तर आकडे असलेली मोजपट्टी कॅमेऱ्यासमोर तिरकी ठेवून मधल्या एका आकड्यावर फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक शीट खर्च करा. चूक किती आणि कुठल्या दिशेला, ते त्यावर वाचता येतं.

फ्रेनेल ॲक्रिलिकची असेल तर तिला अल्कोहोल लावू नका आणि लेन्सचा कागद घासू नका, खाचा ओरखडतात. फुंकणीने धूळ उडवा, फारच मळली तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब.

आणि एक राहिलंच. काही कॅमेऱ्यांत फ्रेनेल मुळातच पुढे असते आणि काचेची जागा त्या हिशोबाने ठरवलेली असते. ग्राफ्लेक्स कंपनीच्या ग्राफिक कॅमेऱ्यांतली एक्टालाइट नावाची फ्रेनेल तशी आहे. ती माझं ऐकून काढलीत तर उलटी चूक होईल. तुमचा कॅमेरा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. बॅक उघडून आधी फ्रेनेल कुठे आहे ते बघा, क्लिपा वाकवलेल्या आहेत का ते बघा, आणि मोजल्याशिवाय काहीही हलवू नका.