सपाट पाठ, मोठा कॅमेरा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नवरात्र जवळ आली की वडोदऱ्याच्या वाचकांकडून फोनच्या कॅमेऱ्याबद्दल प्रश्नांची रीघ लागते. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो: फोन जितका पातळ तितका नवा, आणि नवा म्हणजे कॅमेरा चांगलाच. म्हणून काही प्रश्न एकत्र घेत आहे.

फोन हलवला की कॅमेऱ्याच्या जागी टकटक वाजतं. काही सुटलंय का? (कारेलीबाग)

कॅमेरा चालू करून पुन्हा हलवा. आवाज थांबला तर बिघाड नाही, बंद असताना भिंग आपल्या जागी सैल असतं. थांबला नाही तर दाखवून घ्या.

माझा फोन 50 मेगापिक्सेल, मुलाचाही 50. पण त्याचा कॅमेरा इतका बाहेर आलाय की फोन टेबलावर डुगडुगतो. सपाट पाठीचा फोन तेवढ्याच मेगापिक्सेलमध्ये मिळत असेल तर तोच का घेऊ नये? (दांडिया बाजार)

कारण 50 हा आकडा सेन्सरवर, म्हणजे भिंगामागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, किती पिक्सेल आहेत एवढंच सांगतो, ते केवढे आहेत हे सांगत नाही. 0.64 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 50 मेगापिक्सेल बसवले तर सेन्सरचा कर्ण साधारण साडेसहा मिलिमीटर होतो, 1.2 मायक्रॉनचे बसवले तर सव्वाबारा. क्षेत्रफळात साडेतीन पटींचा फरक, आणि संध्याकाळनंतर फोटो किती स्वच्छ येणार ते प्रामुख्याने इथेच ठरतं. दुकानात मात्र दोन्हींवर लेबल एकच.

आता जाडीचं. सेन्सर मोठा केला की तेवढंच दृश्य त्यावर पसरवायला भिंगही त्याच प्रमाणात दूर न्यावं लागतं. नेहमीच्या रुंद फोटोसाठी त्या लहान सेन्सरला सुमारे 3.6 मिलिमीटरचं नाभीय अंतर (ढोबळमानाने भिंगापासून सेन्सरपर्यंतचं अंतर) पुरतं, मोठ्याला 6.8 लागतं. त्यात वरची काच, सहा-सात भिंगांची चळत, सेन्सरची पट्टी आणि पुढच्या बाजूने डिस्प्ले धरा. आठ मिलिमीटरच्या फोनमध्ये हे मावत नाही, म्हणून उंचवटा. तो नको असेल तर सेन्सर लहान घ्यावा लागतो, नाहीतर अख्खा फोनच जाड. 2025 साली आलेले दोन पातळ फोन बघा: आयफोन एअर 5.6 मिलिमीटरचा, मागे एकच कॅमेरा. गॅलेक्सी एस25 एज 5.8चा, मागे दोन. दूरचं टिपणारा वेगळा कॅमेरा दोन्हींत नाही, आणि उंचवटा दोन्हींना आहे. जाहिरातीतली जाडी उंचवटा सोडून मोजलेली असते, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही याचा मला खरोखर राग येतो.

200 मेगापिक्सेलचंही तेच. असा फोन एरवी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आणि मागे गोल वाढवायला बसवलेले 2 मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ कॅमेरे हिशेबात धरूच नका. विचारायचं ते सेन्सरचं माप: 1/1.3 इंच की 1/2.76 इंच? खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर घाई करू नका. दोन्ही फोनवर दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढा, मोठ्या पडद्यावर बघा, जाणकाराला दाखवा आणि मगच पैसे द्या.

पेरिस्कोप झूमचा फोन घेतला, तरी गरब्याचे फोटो पुसट येतात. (रावपुरा)

पेरिस्कोपमध्ये प्रिझम प्रकाश काटकोनात वळवतो आणि भिंगं फोनच्या रुंदीत आडवी बसतात. जाडी न वाढवता लांबचं टिपायची ही चांगली युक्ती आहे, पण या भिंगातून प्रकाश कमी येतो. म्हणून उजेड अपुरा असला की बरेच फोन न सांगता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात. झूम 5 पटींवर ठेवून पेरिस्कोपच्या चौकोनी भिंगावर बोट धरा. चित्र तसंच राहिलं तर फोन मुख्य कॅमेऱ्यावर गेलेला आहे. शिवाय ओआयएस (भिंग किंवा सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) तुमच्या हाताचा कंप आवरतं, नाचणाऱ्याची गिरकी नाही. नाइट मोड बंद करा, प्रो मोडमध्ये शटर 1/250 सेकंदावर ठेवा, झूम सोडून पुढे जा.

बाइकच्या हँडलवर फोन लावून पावागढला जाऊन आलो. तेव्हापासून चित्र थरथरतं. अपडेटने जाईल का? (मांजलपूर)

नाही. इंजिनाचा कंप हँडलमधून थेट कॅमेऱ्यात जातो आणि ओआयएसची यंत्रणा बिघडवू शकतो. ॲपलने 2021 मध्ये स्वतः तसा इशारा दिला आहे. झूम 0.5 किंवा 0.6 वर, म्हणजे वेगळ्या अतिरुंद कॅमेऱ्यावर, नेऊन बघा: तिथे चित्र स्थिर असेल तर बहुधा मुख्य कॅमेऱ्याचं मॉड्यूल (भिंग-सेन्सरचा जोडसंच) गेलं आहे. ते अधिकृत केंद्रातच तपासून घ्या. बाहेर स्वस्तात बसवलेल्या मॉड्यूलमध्ये कधी ओआयएसच नसतं. बदलल्यावर चालत व्हिडिओ काढून बघा आणि जुना भाग मागून घ्या. पुढच्या वेळी फोन खिशात.

पावसानंतर भिंगाच्या आत वाफ धरली. तांदळात ठेवू का? (वाडी)

नको. तांदूळ आतली ओल ओढत नाही, उलट पीठ आणि कण आत जातात. हेअर ड्रायरही नको. फोन बंद करा, चार्ज करू नका, सिमचा ट्रे काढून हवेशीर जागी ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. वाफ दिसेनाशी झाली म्हणून पंधरा दिवस थांबणाऱ्यांच्या फोनमध्ये तोवर सेन्सरच्या जोडणीवर गंज चढतो. आयपी68ची (फोन पाणी आणि धूळ अडवतो असं सांगणाऱ्या मानांकनाची) चाचणी स्वच्छ पाण्यात होते. विश्वामित्रीच्या पुराचं गढूळ पाणी त्यात येत नाही.

कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे आहेत. टूथपेस्टने जातात म्हणे. (फतेहगंज)

जात नाहीत. काचेवरचा लेप तेवढा निघतो आणि दिव्यांभोवती कायमची धूसर वलयं येतात. वर चिकटवायचा लेन्स प्रोटेक्टरही घेऊ नका, त्याच्या आणि काचेच्या मधल्या फटीत दिव्यांची प्रतिबिंबं उमटतात. उंचवट्यापेक्षा किंचित उंच कडेचं कव्हर पुरे. काच तडकली असेल तर बहुतेक फोनमध्ये फक्त वरची काच बदलता येते, पण आत धूळ जाण्याआधी. बदलताना गॅस्केट (पाणी अडवणारी कडेची पट्टी) नवं लावलं का ते विचारा. लावलं नसेल तर तो फोन यापुढे पाण्यापासून लांब ठेवा.