पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आता?

प्रश्न : यजमानांना (वय ४२) फ्लू झाला. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ३,२००, प्लेटलेट १ लाख २० हजार. प्रतिकारशक्तीच संपली का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही हो ताई. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर (अगदी सूक्ष्म थेंबभर) रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात, म्हणून आकडा बघून धस्स होतं. पण फ्लूत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रक्त सोडून फुप्फुसांत आणि लसिकाग्रंथींत धावतात. काही लढताना मरतातही. आपण सुई टोचतो दंडाला, म्हणून त्या मोजणीत सापडत नाहीत. अशा रुग्णांच्या रक्ताच्या स्लाइड मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. कामाला लागलेली लिम्फोसाइट फुगते, तिची कड निळसर होते आणि शेजारच्या तांबड्या पेशीला ती बिलगून बसते. ही पेशी दिसली की मला बरं वाटतं. प्लेटलेटही थोड्या उतरतात, ताप गेल्यावर बहुधा आपसूक चढतात. पावसाळ्यात मात्र डेंग्यूची तपासणी करून घ्याच. अँटिबायोटिक मनाने देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही. दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची हीच तपासणी) पुन्हा करा. दम लागला, हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.