जगातल्या सगळ्यांत नावीन्यपूर्ण आधुनिक इमारती कोणत्या?

तुम्ही आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्रेझेंटेशनसाठी पाच इमारती हव्या आहेत आणि त्यांत ‘वॉव फॅक्टर’ हवा आहे, असं प्रश्नात लिहिलंय. इमारती उत्तरात येतीलच. पण ‘वॉव फॅक्टर’ वाचून मला गप्प बसवेना.

वाकडी, फुगलेली किंवा पिळलेली इमारत आपोआप नवी होत नाही. सॉफ्टवेअर हाताशी आल्यापासून पीळ कुणीही देतं. विचारायचं ते एवढंच, की पीळ कशासाठी? शांघाय टॉवर (६३२ मीटर, २०१५) वर जाताना साधारण १२० अंशांत वळतो. विंड टनेलच्या चाचण्यांत त्या आकाराने वाऱ्याचा भार २४ टक्क्यांच्या आसपास घटला आणि तेवढं स्टील वाचलं. हे मला मान्य. आता लंडनची २० फेन्चर्च स्ट्रीट घ्या. तिची दक्षिणेची काच अंतर्वक्र. २०१३ साली बांधकाम चालू असतानाच ऊन एकवटून खाली रस्त्यावर पडलं आणि पार्क केलेल्या जॅग्वारचे भाग वितळले. पुढे त्या बाजूला बाहेरून सनशेड बसवावं लागलं. बरं, आर्किटेक्ट राफाएल विन्योली यांच्याच लास वेगासमधल्या व्हडारा हॉटेलच्या पूलवर लोक २०१० मध्ये तशाच चटक्यांची तक्रार करत होते. फ्रँक गेहरी यांच्या लॉस एंजेलिसमधल्या डिस्नी कॉन्सर्ट हॉलचे चकाकते पत्रे घासून मंद करावे लागले, तेही समोरच्या घरांना झळा लागायला लागल्यावर.

हे मी एवढं चिडून का लिहिते, तर मी फसाडवर, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या दर्शनी आवरणावर, काम करते आणि हा वाद माझा जुना आहे.

एका ऑफिसात ज्युनिअर असताना आमच्याकडे एक ऑफिस बिल्डिंग आली. प्लॉटच असा, की लांब बाजू थेट पश्चिमेला. मी सन स्टडी केला, म्हणजे ऊन कधी, कुठून येतं ते तपासलं, बाहेरून खोल उभ्या फिन्स (सावली पाडणाऱ्या पट्ट्या) दाखवल्या, कोन काढून दिले, कुठल्या महिन्यात किती वाजेपर्यंत सावली राहते त्याची शीट जोडली. सरांनी रेंडर (इमारतीचं कॉम्प्युटरवरचं चित्र) पाहिलं आणि म्हणाले, “अगं, इमारतीला पिंजरा कशाला घालतेस? हे डिझाइन नाही, हे इंजिनिअरचं काम.” क्लायंट मीटिंगला फिन्स गायब. त्याऐवजी ‘हाय परफॉर्मन्स ग्लास’. मी म्हटलं, सर, काच कितीही भारी घेतली तरी तिच्यातून आलेलं ऊन आतच राहणार, सावली काचेच्या बाहेर पडायला हवी. त्यावर उत्तर आलं, “ते एचव्हीएसीवाले बघतील.” म्हणजे एसीची यंत्रणा बसवणारे.

एचव्हीएसीवाल्यांनी बघितलं. टनेज (एसीची क्षमता) वाढलं, गच्चीवर एक जास्तीचा चिलर, म्हणजे गारवा तयार करणारं यंत्र, आला. मग बजेट हललं आणि व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या, म्हणजे खर्चकपातीच्या, नावाखाली तीच भारी काच उडवून हलकी घातली. चिलर मात्र आधीच्या हिशोबाचाच राहिला.

माणसं तिथे कामाला बसू लागल्यावर काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. दुपारनंतर पश्चिमेकडच्या टेबलांवर कुणी टिकेना. कुणी काचेला ब्राउन पेपर चिकटवला, कुणी थर्मोकोल. शेवटी सगळीकडे रोलर ब्लाइंड्स लागले, ते कायम खाली, आणि आत दिवसभर ट्यूबलाइट. सबंध इमारत काचेची आणि भरदिवसा दिवे चालू! सरांनी फोटोग्राफरला भल्या सकाळी बोलावलं होतं, ब्लाइंड्स लागायच्या आधी. त्या फोटोंचं कौतुक अजून ऐकते.

म्हणून अबू धाबीचे अल बहर टॉवर्स (२०१२) पाहिले की मला फार बरं वाटतं. प्रत्येक टॉवरला बाहेरून हजाराहून जास्त त्रिकोणी पडदे आहेत. ऊन जसं फिरतं तसे ते छत्रीसारखे उघडतात, मिटतात. पिंजराच आहे की तो, आणि जगभर वाखाणला गेला! (हलणारं काहीही म्हणजे मोटर, धूळ आणि देखभाल. ज्या क्लायंटला लिफ्ट नीट सांभाळता येत नाही, त्याला हे सुचवू नका.)

तुमच्यासाठी खरं सांगायचं तर एलिव्हेशन (समोरून दिसणारं रूप) सोडा, सेक्शन (इमारत उभी कापल्यावर आत दिसतं ते) बघा. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांनी बुर्किना फासोमधल्या गांदो गावात २००१ साली शाळा बांधली. भिंती दाबलेल्या मातीच्या विटांच्या. छत सच्छिद्र, आणि त्याच्या वर साध्या सळ्यांच्या कैच्यांवर उचललेला पत्रा. आतली गरम हवा छतातून निघून मधल्या मोकळ्या जागेतून बाहेर जाते. सगळी करामत त्या मधल्या जागेत, आणि ती समोरून काढलेल्या फोटोत कळत नाही. हरारेचं ईस्टगेट सेंटर (१९९६, मिक पिअर्स) रात्रीच्या गार हवेने काँक्रीट थंड करून दिवस काढतं. वारुळावरून सुचलं म्हणतात. वारुळं नेमकी तशी चालत नाहीत असं पुढे संशोधकांनी दाखवलं, पण इमारत चालते.

आणि बोर्दोचं ग्राँ पार्क. लाकातों आणि वासाल या फ्रेंच आर्किटेक्ट जोडीने सहकाऱ्यांबरोबर १९६० च्या दशकातले तीन ब्लॉक पाडायचे सोडून ५३० घरांना बाहेरून ३.८ मीटर खोलीचे विंटर गार्डन (काचेने बंद करता येणारे व्हरांडे) आणि बाल्कनी जोडल्या. काम चालू असताना लोक आपापल्या घरात राहत होते. त्याच शहरात १९९६ मध्ये त्यांना एक चौक सुशोभित करायला दिला, तर त्यांनी पाहणी करून सांगितलं की चौक आहे तसा छान आहे, खडी बदला आणि झाडांची नीट निगा ठेवा. मला विचाराल तर हे सगळ्यांत धाडसी डिझाइन. यावर फी मागून बघा म्हणजे कळेल.

ज्युरीत कुणी म्हणालं की हे तर इंजिनिअरिंग, यात आर्किटेक्चर कुठे आहे, तर सांगा की लाकातों-वासाल यांना २०२१ चं आणि केरेंना २०२२ चं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वांत मानाचं पारितोषिक, मिळालं. आवाज न चढवता सांगा. मला ते कधी जमलं नाही.

काचेवर माझा सरसकट राग आहे असं मात्र समजू नका. विनिपेगचं मॅनिटोबा हायड्रो प्लेस (२००९) दक्षिणेच्या काचेतून हिवाळ्याचं ऊन मुद्दाम आत घेतं, कारण तिथे हिवाळा जीवघेणा असतो. तीच काच, पण दिशा आणि हवामान बघून लावलेली. बिलबाओच्या गुगेनहाइमलाही (१९९७) मी नावं ठेवणार नाही. ते वळण प्रत्यक्षात उतरवायला विमानाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरावं लागलं आणि त्यामुळे पुढच्या सगळ्यांचं काम बदललं. फक्त तुमच्या पाचांत ते नको. ते सगळ्यांच्याच प्रेझेंटेशनमध्ये असणार.