आई आंघोळीला तयारच होत नाही

"आंघोळीचं नाव काढलं की आई ओरडते, हात उगारते. दोघी मिळून धरून कशीबशी घालतो. मग दिवसभर ती बोलत नाही आणि मला रडू येतं. असं किती दिवस चालणार?" डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आईला सांभाळणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. असा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी मनाशी ठरवलेलं असतं, की आजारामुळे आई हट्टी झाली आहे.

ताईंना आधी एकच काम दिलं. आठवडाभर वहीत लिहायचं: किती वाजले होते, त्याआधी लगेच काय घडलं, आई काय म्हणाली. नुसतं "ओरडली" चालणार नाही, तिचे शब्द हवेत. वहीत पुन्हापुन्हा "थंडी" आलं, आणि दोनदा "ही कोण?" सेविका सकाळी आठला यायची, आल्या आल्या सगळे कपडे काढायची आणि शॉवर थेट डोक्यावर सोडायची. आई नोकरी करायच्या तेव्हापासून आंघोळ संध्याकाळची, घरी परतल्यावर.

अनोळखी हातांनी उघडं करून अंगावर अचानक पाणी सोडलं, तर कोणीही घाबरून हात उगारेल. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९०च्या दशकात हेच आग्रहानं मांडलं: डिमेन्शियातलं वागणं केवळ मेंदूच्या बिघाडातून येत नाही, आजूबाजूचे कसे वागवतात याचाही त्यात मोठा वाटा असतो.

मग वेळ संध्याकाळची केली. खोली आधीच उबदार करायची, दार लावून घ्यायचं, आत एकच माणूस. आईंना खुर्चीवर बसवून खांद्यांवर आणि मांडीवर टॉवेल; जो भाग धुवायचा तेवढाच उघडा करायचा. पाणी आधी त्यांच्या हातावर, मग पायांवर, आणि तिथून वर. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांगायचं. एक रुमाल त्यांच्याच हातात द्यायचा, चेहरा त्या स्वतः पुसतात. केस वेगळ्या दिवशी, कारण बहुतेक वेळा बिनसायचं ते डोक्यावर पाणी पडल्यावरच.

"नको" म्हणाल्या तर थांबायचं. समजावत बसायचं नाही, वाद वाढतो. वीस-तीस मिनिटांनी पुन्हा विचारायचं. तरीही नकोच असेल तर चेहरा, काखा, जांघा आणि पाय कोमट ओल्या कापडानं पुसले तरी त्या दिवसापुरतं पुरतं. रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे, ही गरज बहुधा आपली असते. आठवड्यातून दोनदा नीट झाली तरी सहसा भागतं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडेच न्यायची. खांदा किंवा गुडघा दुखत असेल तर हात वर करायला लावताच माणूस ओरडतो, आणि दुखतंय हे सांगता येत नाही. नकार एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर लघवीचा संसर्गही तपासून घ्यावा.

चिडणं पूर्ण थांबलेलं नाही. केस धुण्याच्या दिवशी अजून कुरकुर होते. धरून घालणं मात्र बंद झालं. हे सगळं ताईंनी एका कागदावर लिहून ठेवलंय. सेविका बदलली की आधी तो कागद तिला वाचायला द्यायचा, आणि पहिल्या आंघोळीला ताईंनी दाराबाहेर, आईंना आवाज ऐकू येईल असं थांबायचं.