आता का मेलास?

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, वय १९, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं वॅलोरंट खेळतोय, पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन नेमबाजीचा गेम. गेले सात महिने सिल्व्हर आणि गोल्ड ह्या रँकच्या मध्येच अडकलोय. बऱ्याचदा टीममध्ये सगळ्यात जास्त किल्स माझे असतात, तरी आम्ही हरतो. बाकीचे चौघे काही करतच नाहीत. कुणी माइकवर बोलत नाही, प्रत्येकाला जेट नाहीतर रेना हेच एजंट (खेळातली पात्रं) पाहिजेत. माऊसची सेन्सिटिव्हिटी सहा वेळा बदलून बघितली, नवा माऊस घेतला, रोज चार तास खेळतो. मित्र म्हणतात माझी खरी लेव्हल त्याच्या वरच्या प्लॅटिनमची आहे. अशा टीममधून वर यायचं कसं? तीन सामन्यांचं रेकॉर्डिंग आणि निकालांचा स्क्रीनशॉट सोबत पाठवलाय.

उत्तर : रेकॉर्डिंग पाठवलंस हे फार बरं केलंस. नुसतं पत्र आलं असतं तर मीही नुसता सल्ला दिला असता. शनिवारी रात्री तिन्ही सामने बघितले आणि रविवारी सकाळी परत पहिल्यापासून बघितले. जिथे जिथे तू मेलास तिथे व्हिडिओ थांबवला आणि वहीत एक ओळ लिहिली. तीन सामन्यांत तू ५१ वेळा मेलास. त्यातल्या १४ वेळांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. समोरचा सरस होता, किंवा राउंड आधीच हातातून गेला होता. सहा वेळा तू टीमपासून इतका लांब होतास की तुझा बदला घ्यायलासुद्धा कुणी येऊ शकलं नसतं. नऊ वेळा रीलोड करताना मेलास. आणि २२ वेळा, बावीस, एकाच कारणाने. एका कोपऱ्यातून डोकावलास, समोरच्यांनी तुला बघितलं, आणि दुसऱ्या क्षणी त्याच कोपऱ्यातून, त्याच उंचीवर परत डोकावलास.

एक राउंड तुझ्यासमोरच ठेवते. दुसरा सामना, असेंट नावाचा नकाशा, तुम्ही डिफेन्सला. तू बी साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागेवर, नजर तिकडे येणाऱ्या बी मेन ह्या वाटेवर. पहिला गडी बाहेर आला आणि तू त्याला एका गोळीत डोक्यात घेतलास. सुंदर मारलास, मी खुर्चीत ताठ झाले. पाचाविरुद्ध चार. तुझ्या व्हँडल रायफलमध्ये अजून २४ गोळ्या शिल्लक. आणि तू रीलोड दाबलंस! व्हँडल रीलोड व्हायला अडीच सेकंद लागतात. ते अर्धवट सोडून परत त्याच जागेवरून बाहेर झुकलास. तिथे त्यांचा दुसरा माणूस निशाणा लावून उभाच होता, कारण त्याचा जोडीदार कुठून मारला गेला ते त्याने नुकतंच पाहिलं होतं. चारास चार. मग चॅटमध्ये तू लिहिलंस, ‘टीम कुठे आहे?’ तुझ्या टीमचा ओमेन (हाही एक एजंट) शेजारच्या मार्केट ह्या जागेच्या तोंडाशी होता, दोन पावलांवर. पहिला मारल्यावर मागे सरून तू नुसतं म्हणाला असतास, ‘बी मेन, एक गेला, मी मार्केटमध्ये येतोय’, तर तिथे तुम्ही दोघं असता आणि उरलेल्या चौघांना तुमच्यावर चालून यावं लागलं असतं.

तिन्ही सामने मिळून असे आठ राउंड आहेत. पहिला किल तुझा, आणि पाच सेकंदांच्या आत तूही मेलेला. स्कोअरबोर्डवर त्याचा एक किल दिसतो, म्हणून तुला वाटतं मी माझं काम केलं. पण टीमला मिळालेली बढत तूच परत देऊन टाकलेली असते. किल्स जास्त आणि तरी हार, ह्याचं उत्तर मला ह्या आठ राउंडमध्ये दिसतं.

आता ‘बाकीचे चौघे’. तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वाईट टीममेट मिळतात, सामना अर्धवट सोडून जाणारे मिळतात, मलाही मिळाले आहेत. पण जरा हिशेब कर. तुझ्या बाजूला अनोळखी चारजण, समोर अनोळखी पाच. बिनकामाचा माणूस कुणाच्या वाट्याला येईल? समोर जागा पाच आहेत, तुझ्याकडे चारच, कारण पाचव्या जागेवर तू आहेस. एका संध्याकाळी नशीब फिरेल, एका आठवड्यात फिरेल. पण सात महिन्यांत, शेकडो सामन्यांत, हा हिशेब झाला तर तुझ्याच बाजूने झुकतो. प्रत्येक सामन्यात कायम असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे तू. हे टोचेल, पण मला ह्यात फार मोठा दिलासा वाटतो. ते चौघे तुझ्या हातात नाहीत. त्या २२ डेथ मात्र तुझ्या हातात आहेत.

रँकचंही थोडं समजून घे. ह्या सगळ्या आकड्यांचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी रेटिंगची एक पद्धत बसवली आणि फिडे ह्या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना साधी आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून कोण जिंकण्याची शक्यता किती, ते आधी ठरतं. अपेक्षेपेक्षा चांगला निकाल आला तर आकडा वर, वाईट आला तर खाली. म्हणजे तो आकडा बक्षीस नव्हे, तो अंदाज असतो, आणि प्रत्येक सामन्यानंतर दुरुस्त होतो. वॅलोरंटमध्ये आयर्नपासून रेडियंटपर्यंत नऊ रँक दिसतात, पण सामने जुळवले जातात ते आत लपलेल्या एमएमआर ह्या आकड्यावर. तुला दिसणारे आरआर, म्हणजे रँकचे गुण, त्याच्या मागून चालतात. म्हणून एक गोष्ट तपासून बघ. जिंकल्यावर मिळणारे आरआर हरल्यावर जाणाऱ्यांपेक्षा सतत जास्त आहेत का? असतील तर गेमच्या मते तू दिसणाऱ्या रँकच्या वर आहेस आणि तो तुला वर ओढतोय. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये +१९, −२०, +१८, −१९ असं दिसतंय. म्हणजे आज तू आहेस तिथलाच आहेस. मित्रांचं प्रेम आहे, पण मित्र तुझे चांगले शॉट लक्षात ठेवतात.

मला हे कुणी शिकवलं ते सांगते. कोल्हापुरात कॉलेजला असताना आम्ही काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो, तासाला वीस रुपये देऊन, एका बोळातल्या कॅफेत. मी एका जागी येऊन थांबले होते आणि तुझ्यासारखंच मलाही वाटायचं की टीम वाईट आहे. कॅफे चालवणारे दादा एक दिवस स्टूल ओढून माझ्या मागे बसले. मी मेले की ते विचारायचे, ‘आता का मेलीस?’ एवढंच. मी म्हणायचे, त्याला नशिबाने लागली. ते गप्प. पुढच्या राउंडला परत, ‘आता का मेलीस?’ तासाभराने माझ्याकडचं नशीब संपलं आणि मी पहिल्यांदा म्हणाले, ‘धावत धावत गोळी मारली.’ दादांनी गल्ल्यातून उधारीची वही काढली, मागचं कोरं पान फाडून दिलं आणि म्हणाले, लिही. ते पान अजून माझ्याकडे आहे. ‘धावताना मारली’ पुढे अठरा रेघा आहेत.

म्हणून तुला काम देते ते हेच. दोन आठवडे रोज चार तास नको, तीनच सामने खेळ. सलग दोन हरलास तर तिसरा दुसऱ्या दिवशी. मेलास की बाकीच्यांचा खेळ बघता बघता कारण मोठ्याने बोल आणि वहीत रेघ मार. समोरच्याचं नाव त्यात यायला नको, तू काय केलंस तेवढंच. आणि ह्या दोन आठवड्यांत एकच सवय सुधारायची: एकदा दिसलास की जागा बदलल्याशिवाय परत डोकवायचं नाही. मागे हो, बाजूला हो, दुसऱ्या उंचीवर जा, काहीही कर. रीलोडचं, एकटं फिरण्याचं नंतर बघू. एकदम चार गोष्टी धरल्यास तर चारही सुटतील.

सेन्सिटिव्हिटीला हात लावू नकोस. सात महिन्यांत तू ती सहा वेळा बदललीस असं लिहिलंयस, म्हणजे हाताला सवय व्हायच्या आत दर वेळी सवय मोडलीस. एखाद्या प्रो खेळाडूचा आकडा उचलून त्याचा हात आपल्याला येत नाही. सामन्याआधी सरावाच्या रेंजमध्ये दहा मिनिटं आणि एक डेथमॅच (सगळे एकमेकांविरुद्ध) पुरे. त्या डेथमॅचमध्ये किती मारले ते मोजू नकोस. चालताना क्रॉसहेअर, म्हणजे निशाण्याची खूण, डोक्याच्या उंचीवर राहतो का, तेवढंच बघ. तुझा जमिनीकडे झुकतो, त्यामुळे प्रत्येक लढतीत तुला आधी वर यावं लागतं आणि मग मारावं लागतं.

सगळ्यांना जेट हवी असते, ही तक्रार मात्र मला पूर्ण मान्य. त्यावर उपाय असा की स्मोक (नजर अडवणारा धूर) टाकणारा एक एजंट मनापासून शिक. ब्रिमस्टोन घे, त्याचे स्मोक नकाशावर बोट ठेवल्यासारखे पडतात. तुझ्या रँकवर वेळेवर पडलेला स्मोक दोन किल्सच्या तोलाचा असतो, आणि ती जागा बहुतेक वेळा रिकामीच असते.

दोन आठवड्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठव. आरआरचा नको.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. आम्ही नाशिकला राहतो. ती हाच खेळ खेळते, चांगलं खेळते असं तिचा भाऊ सांगतो. पण मुलगी बोलतेय हे कळलं की मुलं माइकवर घाण बोलतात, म्हणून तिने माइकच बंद केलाय. ‘आता माझी लेव्हल वाढणार नाही’ म्हणून रडली. शिवाय जेवायला हाक मारली की ‘सामना चालू आहे’ म्हणते, त्यावरून घरात रोज वाद. खेळ बंद करू का?

उत्तर : बंद करू नका, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. चूक त्या मुलांची आणि खेळ सुटणार तिचा, असं होईल. बोलणाऱ्याला तिथल्या तिथे म्यूट करता येतं, आणि सामना संपल्यावर रिपोर्ट करायचा, दर वेळी, कंटाळा न करता. हे काम पहिले काही दिवस तुम्ही तिच्या शेजारी बसून करा. ती एकटी नाही हे तिला कळू दे. मी स्वतः हे सोसलंय आणि तेव्हा शेजारी कुणी बसलं असतं तर बरं वाटलं असतं.

लेव्हलचं तिला असं सांगा. बोलण्याचा फायदा असतोच, पण माहितीचा मोठा भाग नकाशावर पिंग (खूण) मारून आणि टाइप केलेल्या दोन शब्दांतून जातो. शत्रू कुठे, किती. शिवाय भावाला आणि ओळखीच्या तिघांना धरून तिने पाचजणांची टीम जमवावी. तिथे ती मोकळेपणी कॉल देईल, आणि कॉल देण्याची सवय तशीच लागते.

जेवणाच्या वादात मी तुमच्या दोघींच्या बाजूने आहे. हा सामना मध्येच थांबवता येत नाही. १३ राउंड जिंकेपर्यंत चालतो, अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि मध्येच उठलं तर दंड बसतो आणि बाकीच्या चौघांचा खेळ मोडतो. म्हणून तासांवर बोली करू नका, सामन्यांवर करा. शाळा-क्लासच्या दिवशी एक, रविवारी तीन. आणि जेवायच्या पाऊण तास आधी नवीन सामना लावायचा नाही. हे तिने मोडलं तर तुम्ही रागवा, मी तिची बाजू घेणार नाही. झोप आणि अभ्यास सांभाळून, सांगितल्यावर उठत असेल तर काळजी नको. उठताच येत नसेल, बाकी सगळं सुटत चाललं असेल आणि नुकसान दिसूनही महिनोन्महिने तसंच चालू असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेने अशा अवस्थेला आजारांच्या यादीत जागा दिली आहे.

प्रश्न : वय ४१, बँकेत नोकरी. रात्री मुलं झोपली की वॅलोरंटला एक तास मिळतो. विशीतल्या पोरांसमोर हात चालत नाही. माझी प्रगती आता होईल का?

उत्तर : होईल. एक तासात एक सामना आणि वहीची दहा मिनिटं, एवढंच धरा. हाताच्या वेगाची लढत टाळा आणि घड्याळाची खेळा. स्पाइक, म्हणजे ह्या खेळातला बॉम्ब, लावल्यापासून ४५ सेकंदांत फुटते. डिफ्यूजला, म्हणजे ती निकामी करायला, सात सेकंद लागतात, आणि निम्मं केलेलं डिफ्यूज टिकून राहतं, मग पुढे साडेतीनच पुरतात. म्हणजे स्पाइक तुमच्या टीमने लावली असेल, ३८ सेकंद होऊन गेले आणि कुणी स्पाइकला हातच लावला नसेल, तर तुम्हाला डोकावून बघायची गरजच नाही. आडोशाला गप्प उभे राहा. विशीतली पोरं नेमकी तेव्हाच किल घ्यायला बाहेर पडतात आणि जिंकलेला राउंड घालवतात. तुमच्याकडे मोजायची सवय आहे. स्पाइक लागली की मनात आकडे सुरू करा.